विनंतीचा माग

जगात कोणतीही विनंती हरवत नाही, ती विचाराधीन असते. शिंचू शहरातल्या एका डिस्क बनवणाऱ्या कंपनीत मात्र विनंत्या खरोखरच हरवू लागल्या आणि त्यांचा माग काढायचं काम खो यी-चेन या इंजिनिअर मुलीच्या गळ्यात पडलं.

पद्धत अत्यंत पुढारलेली होती. प्रोग्रामने डिस्कवरच्या मजकुराची मागणी संगणकाच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, सोपवायची आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या कामाला लागायचं. (जुने लोक याला टोलवणं म्हणत.) पण काही मागण्यांचं उत्तरच येईना आणि मशीन अडून बसे.

विभागप्रमुख तेंग साहेबांनी आधी, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर ठेवलेली खाऊची हिरवी पुडी तपासली. पुडीची मुदत संपली की मशीन रुसतं, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं. पुडी ताजी निघाल्यामुळे नाइलाजाने विज्ञानाकडे वळावं लागलं. प्रत्येक मागणीची नोंद ठेवा, असा हुकूम सुटला. नोंदी त्याच डिस्कवर लिहायच्या होत्या. म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी एक मागणी, आणि त्या मागणीची पुन्हा नोंद. दुपारपर्यंत मशीनचं ९७ टक्के काम नोंदींचं झालं. (उरलेल्या तीन टक्क्यांत ते तापत होतं.)

“बघ, कसं कामाला लागलंय,” तेंग साहेब समाधानाने म्हणाले.

यी-चेनचा जीव मात्र टांगणीला लागला होता. चिंगमिंगचा सण तोंडावर आलेला, आजीचं थडगं साफ करायचं होतं. वडिलांचा फोन आला.

“पोरी, यंदा माझे गुडघे वाकत नाहीत. येतेस ना?”

“रजा मागितलीय, बाबा. साहेबांचं उत्तर आलं की निघते.”

साहेबांना पुन्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून ती उत्तराची वाट बघत राहिली. सण गेला. वडिलांनी एकट्यानेच, पाय पसरून बसून, थडग्यावरचं गवत उपटलं.

शेवटी तिने एकाच मागणीची नोंद ठेवली, तीही डिस्कवर न लिहिता. डिस्कने उत्तर तत्काळ दिलं होतं. कर्नलने ते ठरल्या जागी आणून ठेवलं होतं. मागणाऱ्या प्रोग्रामनेच तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

“कमाल आहे बाई,” तेंग साहेब म्हणाले. “आणि तू गावी का नाही गेलीस? रजा मी त्याच दिवशी मंजूर केली होती. कंपनीच्या ॲपवर दिसते की.”

दिसत होती. यी-चेनला तिथेच रडू आलं.

हसणाऱ्या वाचकाने हसून झाल्यावर आपला फोन उघडावा. ‘हल्ली आपली कुणी विचारपूसच करत नाही’ हे आपलंच लाडकं गाऱ्हाणं तिथे, आईच्या न उघडलेल्या चार निरोपांशेजारी, नीट वाचता येतं.