हरण्या, पतंग्या आणि शांतवनमामा

माझ्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि खाली अंगठा उठवायचा. तेव्हा एका चांगल्या जित्याजागत्या माणसाविषयी मी लिहायला बसावं, हे जरा जास्तच होतंय. त्याबद्दल आधीच माफी मागतो. शुद्धलेखन एका मित्राकडून तपासून घेतलं आहे. बाकीच्या चुका माझ्या.

वडगाव रासाईहून मी शिरूरच्या कॉलेजात आलो आणि शांतवनमामा साळव्यांकडे मागची खोली मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "पेटी खाली ठेव. त्या खांबापर्यंत चालत जा आन् माघारी ये."

मी गेलो आणि आलो. मामा कमरेत वाकून माझे पाय बघत होते. मग दारात उभ्या असलेल्या मामींना म्हणाले, "आदत हाय. पण चाल बरी हाय. ठिवून घिऊ."

मामा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असा गोऱ्हा. दोन दात आले की तो दुसा, चार आले की चौसा. मामांनी ही मोजणी जनावरांपुरती ठेवली नव्हती. गल्लीतली नवी सून आदत, तालुक्याला आलेले नवे साहेब आदत, चर्चमधले नवे पाळकही आदत. मी पहिलं वर्ष पास झालो तेव्हा त्यांनी पेढा माझ्या तोंडात घातला आणि तोंड तसंच धरून आत बघितलं. "झाला दुसा!"

पण मामांचे खरे आदत होते अमेरिकेत. तिथल्या धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये दर मोसमाला काही पोरं पहिल्यांदाच उतरतात आणि मोसम संपला की त्यातल्या सगळ्यात चांगल्या पोराला बक्षीस मिळतं. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आमच्या गावात चेंडू म्हणजे क्रिकेटचा, तोही निम्मा उसवलेला. पण मी आलो त्याच दिवाळीत गल्लीत केबल आली आणि मामांचं घर पालटलं. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ. दवाखाना उघडायच्या आधी मामा टीव्हीसमोर उभे राहायचे. बसायचे नाहीत. बाजारात बैल बघायला उभं राहावं तसे, हात मागे बांधून, मान खाली.

"मामा, गोल वर झाला," मी म्हणायचो.

"वर काय बघायचं? वर समदी सारखीच दिसत्यात. पाय बघ, प्रोफेसर. मागचा पाय टाकताना लचकतो का, ते बघ."

"त्याला दोनच पाय आहेत, मामा."

"मग त्यातला मागचा!"

खेळाडूंची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी बैलांची नावं दिली. दुसऱ्या मोसमात दोन आदत सगळ्यांच्या पुढे निघाले. एक बुटका, चपळ. स्वतः गोल कमीच करायचा, पण चेंडू न बघता बरोबर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तो हरण्या. दुसरा उंच, धावत आला की हवेत तरंगायचा आणि बास्केटच्या कडीला लोंबकळायचा. तो पतंग्या. मामा हरण्याचे. पतंग्याचं नाव त्यांनीच ठेवलेलं, पण त्याचं कौतुक केलेलं त्यांना खपायचं नाही. "उडतंय, उडतंय. पण त्येला उडवतंय कोण? मागून चेंडू कोण देतंय?"

त्या हिवाळ्यात हरण्याचा घोटा मुरगळला. मामांनी रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या सांगायच्या वेळी उभं राहून हरण्याच्या घोट्याला आराम पडावा म्हणून विनंती केली. नव्या पाळकांनी मनापासून प्रार्थना केली, "प्रभू, शांतवनरावांच्या बैलावर तुझा हात ठेव." पुढचे आठ दिवस लोक घरी येऊन बैलाची चौकशी करत होते. एक आजी गूळ-हळदीचा लेप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गोठा कुठं हाय?" मामांनी लेप ठेवून घेतला. हरण्या पुढच्या मॅचला पळाला, तेव्हा त्यांनी आजींना निरोप धाडला, "तुमच्या लेपानं बैल उठला."

हे सगळं मामा एकटे करत होते असं मात्र नाही. दौंडला रेल्वेत वामन कांबळे म्हणून एक गृहस्थ होते. ते पतंग्याचे. आठवड्याला त्यांचं एक पोस्टकार्ड यायचं. वर मायना नाही, खाली सही नाही. "काल पतंग्या कडीला टांगला व्हता. तुझा हरण्या कुठं चरत व्हता?" मामा कार्ड तीनदा वाचायचे, मग माझ्याकडून उत्तर लिहून घ्यायचे. "हरण्या नसता तर तुझ्या पतंग्याला चेंडू म्हंजी काय ते कळलं नसतं." हरण्या आणि पतंग्या वेगवेगळ्या संघांत होते, हे मी एकदा भीतभीत सांगितलं. मामा म्हणाले, "त्ये वामन्याला कळतंय. तू लिही."

शिरूर-दौंड एसटीनं एका सकाळचा रस्ता. पण भांडण झाल्यापासून बावीस वर्षांत दोघांपैकी एकानंही तो कापला नव्हता. त्याच हिवाळ्यात मामी वारल्या, तेव्हाही वामनराव आले नाहीत. त्या आठवड्यात कार्ड मात्र आलं. त्यात एवढंच होतं, "या आठवड्यात मी मॅच बघितली न्हाई." मामांनी ते कार्ड इतर कार्डांत ठेवलं नाही. बायबलमध्ये ठेवलं.

मी विचारायला कचरत होतो, पण शेवटी विचारलंच. भांडण कशाचं? मामा म्हणाले, "बुटाचं." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग फेब्रुवारीत दौंडहून कार्ड आलं. "कागदावर लई झालं. बक्षिसात ज्याचा आदत हारंल, त्यानं दुसऱ्याच्या दारात यायचं. आन् तुझंच खरं म्हणायचं. कबूल?" मामांनी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दोनच अक्षरांचं उत्तर दिलं, "व्हय." तेव्हापासून मामांचं मॅच बघणं बदललं. हरण्या चांगला खेळला की खूश व्हायचे आणि लगेच गप्प व्हायचे. मला वाटलं, हरण्या हरायची धास्ती आहे. एका सकाळी म्हणाले, "प्रोफेसर, हरण्या जिंकला तर वामन्या येईल का रं? त्यो लई ताठ हाय. न्हाई आला, तर झालंच मग समदं."

बक्षिसाची बातमी मला कॉलेजच्या वाचनालयात सापडली. माझी परीक्षा संपत आली होती. इंग्रजी पेपरच्या खेळाच्या पानावर, खाली कोपऱ्यात, बोटभर मजकूर. दोघांचीही नावं होती आणि मधे 'शेअर' असा शब्द होता. मला आधी वाटलं, दोघांना बक्षीस म्हणून कंपनीचे शेअर दिले. तेव्हा शेअरबाजाराच्याच बातम्या फार यायच्या. घरी जायला निघालोही होतो. मग शंका आली, म्हणून डिक्शनरी काढली. वाटून घेणे. बातमी पुन्हा तीनदा वाचली. मतं सारखी पडली होती. बक्षीस दोघांना मिळून होतं.

मी धावतच घरी आलो. मामा ओट्यावर बसून दवाखान्यातल्या एका बैलासाठी वेसण वळत होते.

"मामा, दोघंही जिंकले. हरण्या पण, पतंग्या पण."

"म्हंजी हारलं कोण?"

"कुणीच नाही."

वेसण त्यांच्या हातातच राहिली. मग पहिल्यांदाच त्यांनी ती बुटांची गोष्ट सांगितली. दोघं एकाच वर्षी एका मिशनच्या बोर्डिंगात दाखल झाले होते. तिथल्या साहेबांनी पोरांना बास्केटबॉल शिकवला आणि वर्षाअखेरीला सगळ्यात चांगल्या नव्या पोराला कॅनव्हासचे बूट दिले. ते मिळाले मामांना. वामन सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेबानं त्येच्या धर्मातल्याला दिलं." मामांनी बूट पायात घालून त्याला ढकललं. पुढं दोघं वाढले, नोकऱ्यांना लागले, एकमेकांच्या लग्नालाही गेले. पण एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा बुटांचा विषय निघाला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

"बूट वामन्याचं व्हतं," मामा म्हणाले. "मी उडायचो, लोक टाळ्या वाजवायचे. पण चेंडू कोण द्यायचं? त्यो. माझ्याकडं न बघता द्यायचा. हरण्याला बघतो तवा मला वामन्याच दिसतो. हे त्येला एकदा सांगायचं व्हतं. आता हारलो न्हाई, तर जाऊ कसा?"

मी म्हणालो, "मामा, जिंकलेला माणूस जाऊ शकत नाही, असं कार्डात कुठे आहे?"

सकाळी उठून बघतो तर मामा पहिल्या गाडीनं गेलेले. दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्या उंबऱ्यावर.

नऊच्या सुमाराला गल्लीत एक बुटके, जाडसर गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. घरं मोजत आले आणि कुलपासमोर थांबले.

"शांतवन साळव्याचं घर हेच का?"

"हो. पण मामा दौंडला गेलेत."

"दौंडला कुणाकडं?"

"वामन कांबळ्यांकडे."

त्यांच्या हातातली पिशवी खाली टेकली. ते ओट्यावर बसले आणि पोट हलेपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आरं, मीच त्यो. हारलं कुणीच न्हाई, मग शांत्या काय येतोय, म्हणून मी निघालो. गाड्या वाटेत न्हावऱ्याला एकमेकींच्या अंगावरनं गेल्या असतील बघ."

मी चहा केला. त्यांनी मला विचारलं, "पतंग्या उडताना बघितलास का?" मी हो म्हणालो. "शांत्या तसा उडायचा. बोर्डिंगात कडीला हात लागणारं एकच पोरगं. मी चेंडू टाकून वर बघत ऱ्हायचो."

ते एकसारखे रस्त्याकडे बघत होते. दोन तासांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून हाक आली, "साळव्यांच्या भाडेकरूला फोन!" मी पळालो. वामनमामा माझ्यामागून.

"प्रोफेसर, मी बोलतोय." मामांचा आवाज खोल गेला होता. "वामन्याच्या दाराला कुलूप हाय, दोन तास बसलोय. शेजारीण म्हणती, भल्या सकाळी नवा शर्ट घालून गेलं, कुठं ते सांगितलं न्हाई. त्येला कळलं आसंल मी येणार ते. गेला निघून. मी परतीच्या गाडीनं येतो. भात जरा जास्त टाक."

"मामा, ऐका. ते इथं..."

"ऱ्हाऊ दे. त्येची चूक न्हाई. मीच उशीर केला."

"मामा, मी काय सांगतोय..."

तेवढ्यात वामनमामांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले,

"शांत्या, गाढवा, मी तुझ्या दारात हाय!"