फुकटचा गम

नगरपालिकेतल्या शहाण्यांनो, "उंची जास्तीत जास्त चार मीटर" हे तुम्हीच छापलं होतं की नाही? हिरव्या चिठ्ठीवर, तारेने रोपाच्या गळ्यात बांधून? मग आज मर्व्ह टकवेलच्या परसात जे उभं आहे ते काय आहे? चिठ्ठी त्याने जपून ठेवली आहे, फ्रिजवर चुंबकाखाली. नाकारायचं असेल तर घरी येऊन नाकारा!

आठ वर्षांपूर्वी पालिकेने घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला एकेक देशी झाड फुकट वाटलं. मर्व्हच्या वाट्याला गम आला. निलगिरीच्या भाऊबंदांतला, कलमी, बुटका, लाल फुलांचा. मर्व्हने चाळीस वर्षं गावाचे नळ जोडलेले. आपल्याला मापातलं कळतं अशी त्याची खात्री. बायकोला त्याने छातीठोकपणे सांगितलं, की हे झाड म्हातारं झालं तरी त्याच्या शेंड्यावर मी टोपी अडकवीन.

नोरीनने एकच अट घातली. माझ्या लिंबाला त्रास होता कामा नये.

कारण गावच्या वार्षिक प्रदर्शनात नोरीनच्या लिंबाच्या बटरला गेल्या वर्षापर्यंत ओळीने अकरा वर्षं पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ग्लेनिस हॉब्डेला ओळीने अकरा वर्षं दुसरं. नियम असा, की लिंबं स्वतःच्या परसातली हवीत. रस, अंडी, साखर, लोणी आटवायचं ते नोरीनने; लिंबाची निगा मात्र मर्व्हकडे. म्हणजे संध्याकाळचं जेवण आटोपलं की तो "जरा लिंबाला भेटून येतो" म्हणायचा आणि झाडामागे जाऊन दोन मिनिटं आभाळाकडे बघत उभा राहायचा. घरात चांगली संडास-मोरी असताना पुरुषमाणूस तिथे का उभा राहतो, हे या गावात कुणी विचारत नाही. लिंबाला ते मानवतं. मर्व्हचा बापही लिंबाला भेटायचा, आजाही भेटायचा.

गम दुसऱ्या वर्षी कुंपणाला लागला. चौथ्या वर्षी पन्हळीच्या वर गेला आणि पन्हळी पानांनी बुजवून टाकल्या. नळकाम करणाऱ्याच्याच घराच्या पन्हळी! मग फुलं आली. पांढरी! लाल म्हणजे पांढरी आणि चार म्हणजे नऊ, असा पालिकेचा हिशेब. लिंबावर दुपारची सावली सरकायला लागली तशी नोरीन जेवताना गप्प बसायला लागली, आणि मर्व्ह चिठ्ठी घेऊन पालिकेत गेला.

झाडांच्या अधिकारी ब्रॉन्विन पॅस्को पाहणीला आल्या. वय मर्व्हच्या धाकट्या मुलीएवढं. बुंध्यावर थाप मारून म्हणाल्या, "वरचं कलम मेलंय, मर्व्ह. खालचा खुंट वाढलाय. हा तीस मीटर जातो."

"मग काढून न्या."

"नाही नेता येत. पाच मीटरच्या वरचं देशी झाड संरक्षित असतं. फांदीला हात लावायलासुद्धा परवानगी लागते."

"चार मीटरचं म्हणून दिलंत की तुम्हीच!"

"दिलं तेव्हा चारच्या आतच होतं ना," ब्रॉन्विनबाई म्हणाल्या, आणि झाडाला नंबराचा पत्रा ठोकून गेल्या.

मर्व्हने रागारागाने चिठ्ठी फाडायला घेतली, तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने ती उलटी करून पाहिली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: लिंबाला घालतात ते खत देशी झाडांना घालू नये, झाड दगावते.

मर्व्हने ती ओळ पुन्हा वाचली. लिंबाला मानवतं ते याला मारतं. आणि आपल्या लिंबाला काय मानवतं, हे तीन पिढ्यांना ठाऊक होतं. फांदीला हात लावायचा नाही म्हणालात ना? ठीक आहे. हात लावत नाही.

त्या संध्याकाळपासून मर्व्ह लिंबावरून पुढे जाऊन गमामागे उभा राहायला लागला. काम मन लावून व्हावं म्हणून चहाचे दोन कप वाढवले, शनिवारी बिअर वाढवली. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून स्पिरोचं डोकं वर आलं. स्पिरो ग्रीक. त्याच्या परसात घोटीव सिमेंट आणि मध्ये एक ऑलिव्ह. ज्याला फळ नाही ते झाड नव्हेच, असं त्याचं मत.

"मर्व्ह," तो हलकेच म्हणाला, "लिंबू तिकडे आहे."

मर्व्हला सगळं सांगावं लागलं. स्पिरोने विचार केला आणि म्हणाला, "एकट्याच्याने होणार नाही, गड्या. झाड केवढं, तू केवढा." तेव्हापासून दर रविवारी स्पिरोही कुंपणातल्या फटीतून यायला लागला. वैर पालिकेशी आणि दोघांची एकजूट अशी, की लष्कराने धडा घ्यावा!

दोन वर्षं हे चाललं. गम मरायचा सोडा, पोसलेल्या जावयासारखा सुटला. पानं हातभर, बुंध्याला तेज, फुलांवर पोपटांची जत्रा. लिंबाची पानं मात्र पिवळी पडली. यंदा उरली सात लिंबं, चपलेसारखी कोरडी. नोरीनने त्यातूनच बटर आटवलं, आणि प्रदर्शनात बाराव्या वर्षी ग्लेनिस हॉब्डे पहिली आली. वर नोरीनचा हात हातात घेऊन म्हणाली, "वय होतं गं. लिंबाचंही."

नोरीन घरी आली ती टोपीही न काढता फोनपाशी गेली. आत्ताच्या आत्ता या नाहीतर करवत घेते, असं तिने पालिकेला कळवलं.

ब्रॉन्विनबाई आल्या आणि गमाखाली तोंड उघडं टाकून उभ्या राहिल्या. असा निरोगी गम अख्ख्या तालुक्यात नाही म्हणाल्या. मग लिंबाकडे गेल्या, एक पान चुरगाळलं, सूर्याकडे पाहिलं.

"सावलीचं काही नाही, नोरीन. याला तीन वाजेपर्यंत ऊन आहे. हे उपाशी आहे. दोन वर्षांपूर्वी याचं खत कुणीतरी बंद केलंय."

स्पिरोचं डोकं कुंपणाखाली गेलं.

नोरीनने आधी पिवळ्या पानांकडे पाहिलं, मग चमकणाऱ्या गमाकडे. मग सावकाश नवऱ्याकडे वळली.

"मर्व्ह, लिंबाला शेवटचा कधी भेटलास तू?"

मर्व्ह पन्हळीकडे बघू लागला. तेवढ्यात ब्रॉन्विनबाईंनी पिशवीतून एक छापील अर्ज काढून त्याच्या हातात दिला. उत्कृष्ट देशी झाड स्पर्धा. बक्षीस तुमचंच समजा म्हणाल्या, पण अर्ज पुरा भरायला हवा, आणि तो पालिकेच्या पत्रकात जसाच्या तसा छापून घरोघर जातो. ग्लेनिस हॉब्डेच्या घरीही.

तर शहाण्यांनो, चिठ्ठी तुमची, पुढची बाजूही खोटी आणि मागचीही, म्हणून जाब तुम्हालाच विचारतो. अर्जातला चौथा प्रश्न आहे, "कोणते खत घालता आणि किती वेळा?" खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. तिथे मर्व्हने काय लिहायचं ते सांगा! आणि रविवारच्या खतासाठी स्पिरोचं नाव वेगळं घालायचं का?