चाळीस वाक्प्रचार आणि एक टाकी

विद्यापीठातील एका रसायनशास्त्र संशोधिकेने चार वर्षे, दर सोमवारी, वसतिगृहाच्या टाकीतील पाणी तपासले आणि आपल्या इंग्रजी प्रबंधाचा निष्कर्ष एका ओळीत लिहिला: या पाण्यात शिसे मर्यादेच्या नऊपट आहे, ते पिऊ नये. यंदाच वसतिगृहात आलेल्या भाचीला तिने आपल्या घरून बाटली भरून न्यायला सांगितले. उरलेल्या चारशे मुलींना मावशी नव्हती. प्रबंध मंजूर झाल्याखेरीज टाकी बंद करता येत नाही, असा नियम होता.

प्रबंध आठव्या दिवशी वाक्प्रचार-पूर्तता कक्षाकडून परत आला. शेरा असा: इंग्रजी वाक्प्रचार, आवश्यक चाळीस, आढळले शून्य.

"शास्त्र ठीक आहे हो मॅडम," कक्षप्रमुख म्हणाले, "पण हे वाचून बाई शिकलेली आहे असं वाटतं का कुणाला?"

"पाणी पिऊ नये, एवढं कळतं ना?"

"तेच तर! पहिल्याच वाचनात कळतं. हा प्रबंध आहे का फाटकावरची पाटी?"

त्यांनी छापील यादी पुढे सरकवली. नकार दिल्यास तोंडी परीक्षेची पुढची तारीख वर्षभराने मिळणार होती. संशोधिकेने पेन उघडले.

'ऑन द वन हँड' घातल्यावर 'ऑन द अदर हँड' सक्तीचे झाले. त्या दुसऱ्या बाजूला मजकूर हवा, म्हणून टाकीचा रंग टिकाऊ आणि जिना सोयीचा असल्याचे नमूद करावे लागले. 'टिप ऑफ द आइसबर्ग'पाशी ती अडली.

"दिसतं त्याहून बरंच जास्त आहे, असा अर्थ होतो. ते जास्तीचं मी मोजलेलं नाही."

"मोजलं असतं तर वाक्प्रचार कशाला लागला असता?"

"आणि नऊपट या आकड्यापुढे 'विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट'? म्हणजे माझ्या आकड्यावर फार विसंबू नका, हे मीच सांगायचं?"

"त्यालाच विद्वत्ता म्हणतात, मॅडम."

एकोणचाळीस भरले. चाळिसाव्यासाठी जागा उरली नाही, तेव्हा 'पिऊ नये' काढून 'फूड फॉर थॉट', म्हणजे विचाराला खाद्य, बसवण्यात आले.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक आले. भाषेची तारीफ करता करता त्यांचा घसा कोरडा पडला. ज्येष्ठ परीक्षकांनी टेबलावरच्या पाण्याच्या जगमधून पेला भरताच संशोधिका ताडकन उठली.

"सर, नका पिऊ. वसतिगृहाच्या टाकीतलंच आहे ते."

"मग?"

"प्रबंधात लिहिलंय."

तिघांनी पाने चाळली. टाकीचा जिना सापडला. ज्येष्ठांनी पेला रिकामा केला आणि पदवीची एकमताने शिफारस केली. प्रतिकूल निष्कर्ष न आढळल्याने टाकी चालू राहिली. शिवाय उत्कृष्ट शैलीचा नमुना म्हणून प्रबंधाच्या चारशे प्रती वसतिगृहात वाटण्यात आल्या.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, तुझा प्रबंध आम्हाला पाठ करायला दिलाय! काय भारी लिहितेस गं!"

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय? त्यात कुठे काय म्हटलंयस? मी तर बाटली आणायची सोडूनच दिली. सगळ्या हसायच्या."

ताजा कलम: या मजकुराची भाषा ज्यांना आवडली, परंतु शिसे मर्यादेच्या किती पट होते हे मागे न पाहता सांगता येणार नाही, त्यांनी कक्षाकडे अर्ज करावा. परीक्षकांच्या जागा भरणे सुरू आहे.