कानाशी गेलेला हात

ज्याला वर्तमानात काम सापडत नाही, त्याला भूतकाळात किंवा भविष्यकाळात नोकरी मिळतेच. तपासनीस साहेबांना दोन्हीकडे मिळाली होती. जुन्या चित्रफितींच्या संग्रहालयात, जिन्याखालच्या खोलीत, ते 'कालप्रवासी शोध कक्षा'चे प्रमुख होते. (कक्षात दुसरं कोणीच नसल्यामुळे निवड एकमताने झाली होती.)

पद्धत शास्त्रशुद्ध होती. जुन्या चित्रणातल्या गर्दीत कोणाचा हात कानाशी दिसला, की तो भविष्यातून मोबाईल घेऊन आला आहे असं धरायचं. त्या काळात टॉवरच नव्हते, मग तो बोलतो कोणाशी, असं एका शिपायाने विचारलं होतं. त्याची बदली झाली. मात्र कान खाजवणारे, टोपी सावरणारे आणि कमी ऐकू येणारे वगळल्यावर हाती उरायचा तो भोपळा. यंदाही तसंच झालं तर कक्ष मोडक्या खुर्च्यांच्या विभागात विलीन करू, असा वरून दम आला होता. उरलेली नोकरी खुर्च्यांचे पाय मोजत काढायची, या धास्तीने साहेब डबाही फिती बघतच खाऊ लागले.

आणि एका पुलाच्या उद्‌घाटनाच्या चित्रणात ती सापडली. तरुण बाई, हात कानाशी, ओठ हलताहेत. साहेबांनी हात इतका मोठा केला की पडदाभर तळवाच उरला. चेहरा अनावश्यक म्हणून कापण्यात आला.

समिती आली, चहा झाला आणि नेमकी तेव्हाच साहेबांची आई त्यांचा घरी विसरलेला चष्मा घेऊन दारात उभी राहिली. (चष्म्याशिवाय तपासल्याने साहेबांची नजर निःपक्षपाती राहत असे.)

"अगं बाई! हा तर आमच्या ताईचा हात!"

"आई, हे ऑफिस आहे."

"असू दे की. करंगळी बघ, दारात चिरडलेली. दाढ ठणकत होती तिची, मिठाची पुरचुंडी धरून शेकत होती बिचारी. आणि ओरडत होती ती माझ्यावर. बाळ्या, तिचा एक फोटो नाही रे घरात. जरा तोंड दाखव ना तिचं."

साहेबांनी घाईघाईने समितीपुढे आणखी चहा सरकवला. पण आईपुढे कोणाचं चालतं? त्यांनी मूळ फीत लावली. सुजलेल्या गालाची ताई दिसली, आणि तिचा पदर ओढत कॅमेऱ्याला जीभ दाखवणारी एक चिमुरडी. आईच्या डोळ्यांना धार लागली, आणि रडता रडताच तिनेही पडद्याला जीभ काढून दाखवली.

समितीने गंभीरपणे विचार केला. ही व्यक्ती तेव्हा तिथे होती आणि आज इथे आहे, म्हणजे प्रवास झाला हे निर्विवाद. मात्र नेहमीच्या रस्त्याने, एकेक दिवस चालत आलेले प्रवासी नियमात बसत नाहीत (फार होतात). शिवाय नातलगाची साक्ष ग्राह्य नाही. सबब हातात मोबाईलच आहे, असा निर्णय झाला आणि कक्ष वाचला.

"बाळ्या, आणखी एकदा दाखव ना ताईला," आई म्हणाली.

तेवढ्यात अभिनंदनाचा फोन आला. साहेबांनी एका हाताने आईला 'थांब' अशी खूण केली. दुसरा हात कानाशी होता.

साहेबांना नावं ठेवू नका. चालत आलेला असा एक प्रवासी तुमच्याही घरात असेल, आणि आत्ताही काहीतरी विचारत असेल. तुमचा हात कुठे आहे, तेवढं बघा.