तीन नंबरची होडी

बळीराम मढवीच्या नातीचं बारसं झालं ते साल २०२३. बारशाला अख्ख्या खारकोंड गावाला जेवण होतं. जिलेबीचं ताट फिरायच्या आत बळीराम खुर्चीवर चढला आणि त्याने जाहीर केलं की गावाच्या वेशीवर त्याच्या बापाच्या, म्हणजे गणू मढवीच्या, नावाची कमान उभी राहणार. कमान सगळ्याच गावांना असते. पनवेलपासून शिरढोणपर्यंत रस्त्याने निघालं तर गावं कमी आणि कमानी जास्त दिसतात. पण या कमानीवर गणू मढवीची होडी ठेवायची होती. खरीखुरी होडी.

"लाकराची नाय, पत्र्याची. अॅल्युमिनमची!" बळीराम खुर्चीवरून बोलला. "माज्या बापसानं शहाऐंशीच्या पुरात आपटा गावाच्या अंगाला चाळीस मानसं काढली त्या होडीतून. सरकारनं ती त्याला बक्षीस दिली."

मंडपात टाळ्या पडल्या. गोरख घरतने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो पत्रावळीवरचा भात सारखा करत होता.

"दादूस," तो खालूनच म्हणाला, "बक्षीस दिली तर कागद असंल की. मी तर ऐकलंय, ती होडी माज्या बापसानं मुंबईच्या भंगारातून आनली व्हती. तुज्या बापसानं वापराला नेली ती नेलीच."

गोरखचा बाप काशीराम आयुष्यात मुंबईला दोनदा गेला होता, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कमानीवर एकाच घराचं नाव चढणार म्हटल्यावर पाच-दहा जणांना काशीरामचं मुंबईला जाणं पटायला लागलं. ग्रामसभेत ठरलं: बळीरामने होडीचं मूळ शोधून आणावं. नाही मिळालं तर कमानीवर दोन्ही बापांची नावं.

बळीराम त्या दिवसापासून नीट जेवेना. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, मुलाने, निकेशने, तीन मजली बंगला बांधला, दारात दोन गाड्या आल्या. पण गाड्या गोरखच्या दारातही होत्या. गोरखकडे नव्हता तो बापाचा मोठेपणा. बळीरामकडे तेवढीच एक वस्तू वेगळी होती.

आधी त्याने साक्षीदार शोधले. चाळीस माणसांतला एक तरी सापडायला हवा. तो आपट्याला गेला, घरोघर फिरला. एक म्हातारा म्हणाला, आम्ही देवळाच्या माळ्यावर होतो, पाणी उतरलं तसे खाली आलो. दुसरा म्हणाला, मला दोन नंबरच्या होडीने काढलं, नावाडी मुसलमान होता, भला माणूस. तिसऱ्याला होडी आठवत होती, पूर आठवत नव्हता.

"बाबा, चाळीस हा आकडा कुठून आला?" सुनेने विचारलं. सून प्राची पनवेलची, शहरात वाढलेली.

"बापूसच सांगायचा."

"पहिल्यापासून चाळीस?"

खरं म्हणजे पहिल्या नारळी पुनवेला बापाने पाच सांगितली होती. मग बारा झाली. निकेश जन्मला तेव्हा पंचवीस होती. दरवर्षी होडीला रंग लागायचा आणि दरवर्षी माणसं वाढायची.

"म्हातारपनी एकेक आठवत जातं," बळीराम म्हणाला.

प्राचीने सुचवलं की होडीवर कुठेतरी बनवणाऱ्याचं नाव, नंबर काहीतरी ठोकलेलं असेल. रंग खरवडून बघू. बळीरामला हे आवडलं, कारण कमानीवर चढवायच्या आधी होडी चकचकीत करायचीच होती. कमानीचा पाया खणायला कातकरी वाडीवरची माणसं येत होती. त्यांतल्या हौसाला, साठीच्या काटक बाईला, पटाशी देऊन होडीपाशी बसवलं.

खरवडणं सोपं नव्हतं. नारळी पुनवेला होडीला दरसाल नवा रंग लागायचा, आणि रंग विकत आणायची मढवींच्या घरात पद्धत नव्हती. गावात ज्या वर्षी ज्याचं काम निघेल त्याचा उरलेला रंग होडीला. वर गुलाबी निघाला, तो प्राचीच्या स्वयंपाकघराचा. त्याखाली शाळेचा पिवळा. मग निवडणुकीतले दोन रंग, एकावर एक, पक्ष बदलला त्या सालासकट. मग देवळाचा भगवा, मग पंचायतीच्या मुतारीचा निळा. गाव जमून बघायला लागलं. एकेक पापुद्रा निघाला की कोणीतरी ओळखायचं.

"यो माज्या गेटचा हिरवा! म्हंजी डबा तुमी नेला व्हता? मी पेंटरला हाकलला रं त्या पायी!"

सगळ्यात खाली डांबर होतं. चांगलं बोटभर जाड, आणि तेही एकाच जागी, नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आतल्या अंगाला. हौसाने दोन दिवस ते खरवडलं. तिसऱ्या दिवशी पत्र्यावर ठोकलेली अक्षरं दिसली. प्राचीने ओल्या फडक्याने पुसून वाचली.

"पूर साहाय्य. सरकारी. क्रमांक तीन."

"तीन?" हौसाने विचारलं.

"हो, तीन."

हौसाने पटाशी खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेली.

बळीराम खूश झाला. सरकारी म्हणजे सरकारने दिलेली, म्हणजे बक्षीस. त्याने निकेशला गाडी काढायला लावली आणि प्राचीसह तिघंही पनवेलला सरकारी कचेरीत गेले. तिथे मिथुन नावाचा कारकून होता. निवृत्तीला चार महिने राहिलेले, त्यामुळे अतिशय सावध.

"होडी तुमच्याकडे आहे?" त्याने विचारलं.

"सदतीस वर्सं," बळीराम छाती काढून म्हणाला.

"सरकारी मालमत्ता सदतीस वर्षं तुमच्या ताब्यात आहे, असं तुमचं स्टेटमेंट आहे?"

निकेशने बापाचा दंड धरला. "नाही नाही साहेब. म्हणजे ती गावात आहे. जनरल."

"जनरल म्हणजे? कुणाच्या अंगणात?"

"बघावं लागंल," बळीराम म्हणाला.

"बघा. मी जुनं दप्तर काढतो. आठ दिवसांनी या. आणि होडी जागची हलवू नका."

ते गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. संध्याकाळी गोरख स्वतः चालत बंगल्यावर आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"दादूस, मी बोललो त्ये मनावर घेव नको. माजा बापूस मुंबईला कदी गेलाच नाय. त्याला तर पान्याची भीती. होडी तुमचीच, पिढीजात."

"नाय रं गोरख," बळीराम मायेने म्हणाला, "तू सभेत बोल्लास ना. पंचांनी लिवून घेतलंय. होडी काशीरामकाकाचीच. आमी वापराला आनली व्हती."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, होडी गोरखच्या अंगणात जाऊन पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बळीरामच्या दारात परत आली. चौथ्या दिवशी दोन्ही घरची माणसं दुपारी झोपलीच नाहीत. शेवटी होडी रस्त्याच्या मधोमध, कमानीच्या खड्ड्यापाशी राहिली. तिथे ती कोणाचीच नव्हती आणि एसटीला वळायला जागा नव्हती. ज्या होडीला दोन बाप लावले जात होते, तिला आता एकही बाप नव्हता.

आठ दिवसांनी बळीराम निकेशला घेऊन कचेरीत गेला तो अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, जणू परत यायचंच नाही. मिथुनने पिवळं पडलेलं एक रजिस्टर पुढे ठेवलं.

"गणू मढवी तुमचे कोण?"

"बापूस."

मिथुन उठून उभा राहिला. बळीरामला वाटलं, पोलीस बोलावतो.

"बसा काका. मला आधी सांगायचं ना. ऐका." त्याने वाचलं. "अकरा ऑगस्ट एकोणीसशे शहाऐंशी. होडी क्रमांक एक, जमा. क्रमांक दोन, जमा. क्रमांक तीन, आपटा परिसरातील कातकरी वाडीकडे बचावासाठी रवाना. नावाडी गणू मढवी. होडी परत आली नाही. नावाड्यासह बुडाली. बचावकार्यात नावाडी मयत. वारस कोणी आले नाहीत."

कचेरीतला पंखा कुरकुरत होता.

"पन साहेब, माजा बापूस…"

"बाबा, गप बसा," निकेश म्हणाला.

"काका, तुमची अवस्था मी समजू शकतो," मिथुन म्हणाला. "आणि ती जी होडी आहे ना, ती ही नव्हे. ही बुडाली आहे. तसं रेकॉर्ड आहे. बुडालेली होडी वर आली असं मी दाखवायला गेलो तर सदतीस वर्षांची चौकशी माझ्या पेन्शनवर येईल. तुम्ही हा उतारा घ्या, शिक्का मारून देतो. मोठा माणूस होता."

ग्रामसभेत निकेशने तो उतारा मोठ्याने वाचला. शिक्का सगळ्यांना दाखवला. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पन गणूकाका तर दोन हजार नऊ साली गेला. मी होतो ना मैताला."

"मीबी व्हतो," दुसरा म्हणाला. "गोरख, तू तर पुढचा खांदा धरला व्हतास."

सगळे गोरखकडे बघायला लागले. गोरखने विचार केला. होडी बुडालेली ठरली तर ती त्याच्या अंगणात कधीच आली नव्हती. कसली मालमत्ता आणि कसली नोटीस.

"मी कुनाला खांदा दिला, त्ये आता मना आठवत नाय," तो म्हणाला. "सरकार बोलतंय शहाऐंशीला मेला, तर शहाऐंशीला मेला. सरकारपेक्षा आपल्याला जास्त कळतं?"

ठराव एकमताने झाला. गणू मढवीच्या मैताला जेवलेल्या साठ-सत्तर माणसांनी हात वर केले. बळीरामचा हातही वर होता. त्याला नुसती कमान हवी होती. मिळाला हुतात्मा. इतकं त्याने मागितलंही नव्हतं.

महिन्याभरात कमान उभी राहिली. कागदावर बुडालेली होडी क्रेनने वर चढवली, ती चांदीसारखी लखलखत होती. खाली संगमरवरी पाटी. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बळीराम समोर खुर्ची टाकून बसला होता आणि प्राची पाटीवरचा सिमेंटचा डाग पुसत होती. वाडीची माणसं काम उरकून परत निघाली होती. हौसा मागे राहिली.

"बाय," तिने प्राचीला विचारलं, "काय लिवलंय?"

प्राचीने वाचून दाखवलं. "कातकरी वाडीतील चाळीस बांधवांचे प्राण वाचवताना अकरा ऑगस्ट एकोणीसशे शहाऐंशी रोजी पुरात हुतात्मा झालेले कैलासवासी गणू मढवी."

"कंच्या वाडीतले चाळीस?"

"आपट्याजवळची कुठली तरी."

"ती आमचीच वाडी," हौसा म्हणाली. "तवा सात झोपड्या व्हत्या. चाळीस मानसं तवा नव्हती, आताबी नाय." ती होडीकडे वर बघत होती. "आमी चिंचेवर चढलो व्हतो. पलीकडनं भोंगा सांगत व्हता, तीन नंबरची होडी निघाली हाय, धीर धरा, तीन नंबर येतेय. सकाळपासनं सांजपावतर सांगत व्हता. माज्या सासूच्या काखंत माजा पोर व्हता. माज्याकडं तान्ही व्हती. सासू बोलली, तू एकीला धर, मी याला धरते. आमी वाट बघितली. होडी नाय आली. मग फांदी मोडली."

प्राचीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

बळीरामला शहाऐंशीची ती संध्याकाळ आठवली. तो पंचवीस वर्षांचा होता. बापूस पत्र्याच्या नव्या होडीतून उतारावर भरधाव आला होता आणि लांबूनच ओरडत होता, आगराच्या खोपीत पानी शिरतंय, गोणी काढा, गोणी काढा! दोघांनी अंधार पडेपर्यंत खेपा केल्या होत्या. मिठाच्या सगळ्या गोणी वाचल्या. घरात पुढं दोन वर्षं मीठ विकत आणलं नव्हतं. होडी कुठून आणली, हे त्याने तेव्हा विचारलं होतं. बापूस म्हणाला होता, आधी गोण उचल.

हौसा बळीरामसमोर आली आणि खाली बसली. तिने हात जोडले.

"शेट, मना माफी करा."

"कसली गो?"

"सदतीस वर्सं मी त्या होडीवाल्याला शिव्या घातल्या. रोज. चूल पेटवताना पयली शिवी त्याला. बोलायची, तो मेल्या कुठं तरी घरात बसला असंल भाकर खात. आनि तो बिचारा आमच्याकडंच येत व्हता. येतायेता बुडाला. मना काय ठावं?" तिने पदराने तोंड पुसलं. "मेल्या मानसाला शिव्या दिल्या मी. तुमी त्याचं पोर. तुमी माफी केली तर लागंल."

प्राची सासऱ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक नव्हतं, पण आजेसासऱ्याचा हार घातलेला फोटो तिच्याच दिवाणखान्यात होता आणि त्याखालची तारीख ती रोज पुसत होती.

बळीरामने तोंड उघडलं. वर होडी होती, खाली पाटी होती, उद्या आमदार येणार होते, आचारी आणि बँडवाले ठरले होते. हौसा हात जोडून बसली होती. एवढंसं बोलायचं होतं.

"असूं दे," बळीराम म्हणाला. "माफी केली."

हौसाने कमानीच्या खांबाला डोकं टेकवलं आणि ती वाडीकडे चालायला लागली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. जेवण चांगलं झालं. गोरखने दोनदा जिलेबी मागून घेतली.

गणू मढवी ३ मार्च २००९ रोजी सकाळी स्वतःच्या घरात, खाटेवर, चहा पिऊन झाल्यावर वारला. वय एक्क्याऐंशी. ११ ऑगस्ट १९८६ रोजी संध्याकाळी आपट्याजवळच्या वाडीत मेली ती गोदा हिलम, वय ठाऊक नाही, आणि तिचा नातू कान्हा, वय चार.