लेखनाचा तास स्थगित

रविवारी सकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावरचे कप बाजूला सारले आणि एक भलामोठा तक्ता पसरला. लेकीला शाळेतून काढून घरीच शिकवायला लागून तीन महिने झाले होते. गणित झालं, नकाशे झाले, कुंडीतले किडेसुद्धा झाले. राहिलं होतं ते लेखन आणि व्याकरण. शुक्रवारी अकराला शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई नेमकं तेच बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं नाही, तर लेकीची रवानगी पुन्हा त्या शाळेत, जिथे ती रोज पोटदुखी घेऊन जायची आणि पोटदुखी घेऊन परत यायची.

बाबा बस डेपोत वेळापत्रकं आखतात. आई मागच्या खोलीत दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवते. त्यामुळे दात-ओठ खायची वेळ आली, तर तिच्याकडे दातांचा तुटवडा नसतो.

"रोज दहाला व्याकरण, ते मी घेतो. साडेदहाला लेखन, ते तू," बाबा म्हणाले.

"आधी लेखन. पोरीने चार ओळी लिहिल्याच नाहीत, तर तुझं व्याकरण काय टेबलाला लावणार?"

"आणि लिहिल्यावर शिकवलं तर ते वरातीमागून घोडं. रस्ता नसताना गाडी सोडतं का कुणी?"

"तू सोडतोस. गेल्या महिन्यात खणलेल्या रस्त्यावर सोडली होतीस."

तासाभराच्या घासाघिशीनंतर तोडगा निघाला. सोमवारी आधी लेखन, मंगळवारी आधी व्याकरण, असं आलटून पालटून. पहिला तास झाल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही. शिवाय बाबांनी डेपोचा नियम घरात आणला : तास रद्द झाला की लेखी सूचना, कारणासहित, दर्शनी भागात. बाबांचं अक्षर इतकं दिव्य, की डेपोतले ड्रायव्हर त्यांचे कागद त्यांच्याकडूनच वाचून घेतात. म्हणून सूचना लिहायचं काम लेकीकडे आलं.

सोमवारी दहाच्या ठोक्याला दंतवैद्याचा फोन आला. कुणा आजोबांची कवळी दुभंगली होती आणि ती आजच्या आज हवी होती. आई मागच्या खोलीत गडप झाली. लेखन झालं नाही, सबब व्याकरणही झालं नाही.

"सूचना लिही," बाबा बूट चढवत म्हणाले.

"कारण काय लिहू?"

"जे घडलं ते लिही. मला उशीर होतोय."

मंगळवारी बाबांना पहाटेच डेपोत बोलावलं. आई मोकळी बसली होती, पण व्याकरण झाल्याशिवाय लेखन सुरू करायला ती तयार नव्हती. "नियम त्याचा आहे, मी का मोडू?" असं म्हणून तिने दिवसभर दात घासले, म्हणजे गिऱ्हाइकांचे. बुधवारी दोघांनी सुट्टी काढून तक्ता दुरुस्त केला आणि त्यातच बुधवार संपला. गुरुवारी दहाला दोघंही पुस्तकं घेऊन तयार होते. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की तीन दिवस बुडाल्यावर आजचा दिवस सोमवारच्या हिशेबाने धरायचा की मंगळवारच्या. जेवणाची वेळ झाली तरी तो सुटला नाही.

शुक्रवारी बाई आल्या. "लेखनाची वही?" त्यांनी विचारलं.

आईने वही पुढे केली. कोरी करकरीत. बाबा म्हणाले, "त्याचं काय झालं मॅडम..." आणि ते तक्त्यात कारण शोधू लागले. लेक खुर्चीत पोट धरून बसली होती. ते पाहून आईला स्वतःचीच विलक्षण लाज वाटली.

बाई मात्र फ्रिजसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तिथे चुंबकांनी लावलेले कागद त्या एकेक करून वाचू लागल्या.

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आजचा लेखनाचा तास एका अनोळखी आजोबांच्या कवळीमुळे सुटू शकला नाही. आजोबा सध्या सूप पीत आहेत. तेही घाईत नसावेत, पण त्यांना कुणी विचारलेले नाही."

"आई आणि बाबा सकाळपासून तक्त्यात अडकले आहेत. सोडवायला जवळ जाऊ नये, ते आणखी गुंततात."

"आई म्हणते आज सोमवार, बाबा म्हणतात मंगळवार. आज गुरुवार आहे, हे कॅलेंडरला माहीत आहे. पण ते बिचारे भिंतीवर असते आणि भांडण टेबलावर."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे तुला कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणीच नाही. जे घडलं ते लिहिलं."

"आणि या सगळ्यात लेखनाचे तास किती झाले?"

"एकही नाही," लेक प्रामाणिकपणे म्हणाली. आईने डोळे मिटून घेतले.

बाईंनी फॉर्म भरला आणि टेबलावर ठेवून त्या गेल्या. बाबांनी तो मोठ्याने वाचला : "लेखन उत्तम. परवानगी एक वर्ष वाढवण्यात येत आहे. सध्याची शिकवण्याची पद्धत अजिबात बदलू नये."

"बघ," बाबा म्हणाले, "पद्धत म्हणतात याला." आईने लेकीला पोटाशी घेतलं आणि कधी नव्हे ते बाबांच्या म्हणण्याला मान डोलावली.

पुढच्या सोमवारी दहाला ना दंतवैद्याचा फोन आला, ना डेपोचा. आई वही घेऊन बसली, बाबा व्याकरणाचं पुस्तक घेऊन. लेकीने कोरा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"आज कुठला तास रद्द करायचा?" तिने विचारलं.

"दोन्ही," दोघं एकदमच म्हणाले.