लेबल लावलेली आमटी

स्वयंपाकाला हात घालण्याआधी स्वयंपाकघर जरा सिस्टीममध्ये आणावं, असं त्या रविवारी दुपारी बद्रीनाथच्या मनात आलं आणि तिथंच सगळं बिनसलं. नुसता स्वयंपाक करायला गेला असता तर फार तर आमटी खारट झाली असती. पण बद्रीनाथ एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर होता, आणि लेबल नसलेली वस्तू दिसली की त्याला अन्न गोड लागत नसे.

आता ही स्वयंपाकाची पाळी त्याच्यावर कशी आली तेही सांगायला हवं. त्याची बायको सुमेधा लग्नाआधी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. लग्नानंतरही काही दिवस केलं, मग धाकटा पप्पू झाला आणि ते सुटलं ते सुटलंच. आता पप्पू पहिलीत गेला होता, थोरली राजनंदिनी पाचवीत होती, आणि नवीन जालन्यातल्या एका लॅबच्या डॉक्टरबाईंनी सुमेधाला आपणहून बोलावलं होतं. काम आवडीचं, माणसं चांगली. अडचण एकच. ड्यूटी दुपारची, घरी यायला रात्र होणार. मग संध्याकाळी लेकरांनी खायचं काय?

"त्यात काय येवढं?" बद्रीनाथ म्हणाला. (हे वाक्य तो फक्त स्वतः कधीच न केलेल्या कामांबद्दल बोलतो.) "मी हाये ना. कंपनीतून सहाला येतोच. टाकू काहीतरी शिजायला."

"बाहेरून आणायचं न्हाई," सुमेधा म्हणाली. "रोज रोज हॉटेलचा खर्चा आपल्याला झेपणार न्हाई, अन् लेकरांच्या पोटालाबी ते बरं न्हाई. साधंच करा, पण घरचं करा. लेकरांना हाताखाली घ्या, त्यांनाबी सवय लागंल. रविवारी मी एक दिवस जाऊन पाहते. रात्री आले अन् लेकरं घरचं जेवलेली दिसली, तर सोमवारी डॉक्टरबाईंना हो म्हणते. न्हाईतर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई."

रविवारी दुपारी त्यानं तिला गाडीवर लॅबपर्यंत सोडलं. उतरल्यावर तिनं पदर नीट केला आणि जिना अशी भराभरा चढून गेली की मागं वळून हात करायचंही विसरली. एरवी बद्रीनाथला राग आला असता. त्या दिवशी मात्र त्याला मनापासून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. ही बाई इतकी वर्षं आपल्या घरात गुपचूप कशाची वाट पाहत होती, ते त्याला आज कळलं होतं. काहीही झालं तरी आपल्यामुळं हिचं काम अडू द्यायचं नाही, असं त्यानं गाडीला किक मारता मारता ठरवलं.

आणि त्या भरात तो येताना एकसारख्या प्लॅस्टिकच्या बरण्यांचा अख्खा सेट घेऊन आला.

सुमेधाच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूला डबा होता, पण तो त्या वस्तूचा नव्हता. चहाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ, बिस्किटाच्या डब्यात येसराचं पीठ, तुपाच्या डब्यात शिकेकाईची पूड आणि 'साखर' असं कोरलेल्या पितळी डब्यात मोहरी. सुमेधाला अंधारातही यातलं सगळं सापडत असे. बद्रीनाथला उजेडातही सापडत नसे.

"आमच्या प्लांटला असं चालत न्हाई," तो लेकरांना म्हणाला. "तिथं लेबल असल्याशिवाय एक पाकीट गेटाबाहेर जात न्हाई. चला, कामाला लागा."

कामाची वाटणी झाली. राजनंदिनीनं कुठल्या डब्यात काय आहे ते सांगायचं. बद्रीनाथनं ते नव्या बरणीत ओतायचं आणि स्टिकरवर सुवाच्य अक्षरात नाव लिहून ते झाकणावर चिकटवायचं. पप्पूनं झाकणं लावायची. लेकरंही हौसेनं कामाला भिडली. तासाभरात फळीवर एकसारख्या बरण्यांची अशी रांग लागली की बद्रीनाथनं मोबाईलवर तिचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. एका लेबलावर तर त्यानं 'येसर, उत्पादन केंद्र टेंभुर्णी' असंही लिहिलं होतं. येसर त्याच्या आईनंच गावाहून पाठवलं होतं, म्हणजे ते खोटंही नव्हतं.

फक्त एक गोष्ट राहिली. सगळी झाकणं सगळ्या बरण्यांना बसत होती, आणि पप्पूला अजून जोडाक्षरंच काय, साधे शब्दही धड वाचता येत नव्हते. त्याला जे झाकण आवडलं ते त्यानं जवळच्या बरणीला लावलं.

संध्याकाळी टेंभुर्णीच्या गाडीनं नंदाबाई आल्या. बद्रीनाथची आई. गुडघा दाखवायला आल्या होत्या, डॉक्टरची वेळ सोमवारची होती. सून कामावर गेली आणि लेक स्वयंपाक करतोय हे ऐकून त्यांनी चप्पल दारातच काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या.

"माय, तू आलीस बरं झालं," बद्रीनाथ म्हणाला. "जरा फोडणीपुरती ये ना आत."

"मी हात लावणार न्हाई," नंदाबाई म्हणाल्या. "आज मी लावला तर तू म्हणशील जमलं, अन् परवा मी गावाला गेल्यावर सुनबाई घरी बसंल. तुझं तू कर. मी नुसती पाहून राह्यले."

बेत साधा होता. कुकरमध्ये पप्पूच्या वरण-भाताची डाळ शिजून तयार होती. राजनंदिनीनं कणीक मळून ठेवली होती, शेजारच्या उषाबाईंच्या घरी पाहून ती शिकली होती आणि बापापेक्षा बरी मळली होती. आता फक्त येसरची आमटी राहिली होती. येसराइतकं गरिबाच्या मदतीला येणारं दुसरं काही नाही. धान्यं-डाळी-मसाले भाजून उन्हाळ्यात दळून ठेवायचे, आणि मग भाजीला काही नसलं की फोडणीच्या पाण्यात ते पीठ कालवायचं. उकळी आली की आमटी झाली. यात चुकायला जागाच नसते.

बद्रीनाथनं घरातले होते नव्हते तेवढे कांदे चिरले. (डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आई बघत असल्यामुळं त्यानं ते भावनेच्या खात्यावर जाऊ दिलं.) फोडणी चांगली बसली. पाणी ओतलं. मग 'येसर' असं झाकण असलेली बरणी उघडून त्यानं चांगलं वाटीभर तपकिरी पीठ कालवून आत सोडलं.

थोड्या वेळानं राजनंदिनी पोळपाट पुसता पुसता थांबली.

"पप्पा, आमटीला मम्मीच्या केसाचा वास येऊन राह्यलाय."

"मम्मीची आठवण येऊन राह्यली तुला, दुसरं काय?" बद्रीनाथ प्रेमानं म्हणाला. त्याला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. बियाण्यांच्या धुळीत वर्षं काढून त्याचं नाक केव्हाच रिटायर झालं होतं.

"न्हाई पप्पा, खरंच. रविवारी ती न्हाते ना, तसा."

"बाळा, झाकणावर काय लिहिलंय? वाच."

"येसर."

"मंग? माणसानं लेबलवर भरवसा ठेवावा. नाकाचं काय, नाक आज एक सांगंल, उद्या दुसरं."

त्यानं पळीनं आमटी ढवळली. आमटी ढवळल्यावर जरा वर आली. आणखी ढवळली, आणखी वर आली. उकळी फुटली तसा पांढरा-तपकिरी फेस पातेल्याच्या काठावर येऊन बसला.

"वा! काय फुलून राह्यलीये," बद्रीनाथ म्हणाला. "ताजं येसर असलं की असंच होतं. माय, यंदा दळण भारी झालंय तुझं."

नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना ठसका लागला असावा, असं त्याला वाटलं.

त्यानं चव घेतली. तोंड असं कसनुसं झालं की जीभ कुठं ठेवावी ते कळेना. तरी तो खचला नाही. "मीठ कमी पडलं," म्हणत त्यानं मीठ टाकलं आणि जोरानं ढवळलं. तेवढ्यात पप्पूनं वाकून फेसावर फुंकर घातली आणि एक मोठा फुगा सुटून ट्यूबलाइटच्या दिशेनं गेला.

"पप्पा, आमटीचे फुगे!" पप्पू आनंदानं ओरडला. "मला वाटीत द्या, मी बाहेर जाऊन उडवतो!"

फेस पातेल्याबाहेर आला, शेगडीवर उतरला आणि फुस्स करून गॅस विझला.

"बद्री," उंबऱ्यावरून नंदाबाई म्हणाल्या, "आता हे जेवायचंय का डोस्कं धुवायचंय, ते एकदा ठरव बाबा." आणि मग त्यांना हसू आवरेना. दुखरा गुडघा धरून हसल्या.

राजनंदिनीनं 'शिकेकाई' लिहिलेली बरणी उघडली. आत धने-जिऱ्याच्या खमंग वासाचं अस्सल येसर होतं.

बद्रीनाथ हातातली पळी घेऊन तसाच उभा राहिला. कांदे संपले होते. पुन्हा आमटी करावी तर 'येसर' हा शब्द काढताच पप्पू दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होता. घड्याळ पुढं सरकत होतं, आणि त्याच्या डोळ्यांपुढं तो जिना आला आणि तो भराभरा चढणारी सुमेधा. आता ती येणार, लेकरं उपाशी बघणार, काही बोलणार नाही, आणि उद्या फोन करून डॉक्टरबाईंना नाही म्हणणार. भांडली असती तर बरं, पण ती भांडणारसुद्धा नाही.

"माय, आता तरी ये ना आत," तो म्हणाला.

"बिलकुल न्हाई," नंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"पप्पा, जरा सरका," राजनंदिनी म्हणाली. "कुकरात वरण हाये. कणीक मळलेली हाये. फळं करू वरणातली. मम्मी करताना मी पाह्यलंय."

वरणफळं म्हणजे कणकेचे तुकडे उकळत्या वरणात शिजवायचे, झालं. लेकरांच्या आवडीचं, पोटभरीचं, आणि वेगळी भाजी-पोळी नको. राजनंदिनीनं मोठी पोळी लाटली. पप्पूनं वाटीनं, बाटलीच्या टोपणानं, शेवटी शर्टाच्या बटणानंसुद्धा तिचे गोल पाडले. वरण गॅसवर चढलं, हळद-तिखट पडलं, तेही राजनंदिनीनं प्रत्येक बरणी आधी चाखूनच टाकलं. बद्रीनाथनं लसूण सोलू का म्हणून विचारलं. "आधी विचार करते," राजनंदिनी म्हणाली, आणि मग तिनं तो स्वतःच सोलला. वरून फोडणीचा चर्र आवाज झाला तेव्हा नंदाबाई पाटासकट पुढं सरकल्या.

सुमेधा आली तेव्हा दोन्ही लेकरं आजीच्या दोन बाजूंना बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होती. पप्पूच्या नाकाला वरण लागलं होतं. तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, तशीच उभी राहून त्यांच्याकडं पाहत राहिली. बद्रीनाथनं घाईघाईनं तिचं ताट केलं. ती जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि थकलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "कोणी केलं?"

"सगळ्यांनी मिळून," बद्रीनाथ नम्रपणे म्हणाला.

"मम्मी, पप्पांनी फुग्यांची आमटी केल्ती," पप्पू म्हणाला. "शिकेकाईची! आम्ही मोरीत ओतली. मोरीतबी फुगे आले."

मग सगळं बाहेर आलं. सुमेधा हसता हसता ताट खाली ठेवून भिंतीला टेकली. तिला इतकं हसताना बद्रीनाथनं कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं, आणि आपलीच फजिती असूनही त्याला ते फार आवडलं. हसणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरबाईंना हो म्हणून सांगते."

बद्रीनाथची छाती दोन इंच फुगली. "म्हणजे मी पास झालो!"

"तुम्ही न्हाई, लेकरं पास झाली," सुमेधा म्हणाली. "माझ्यामागं ती स्वतःचं करून खातील, अन् तुम्हालाबी दोन घास घालतील. आता मला घोर न्हाई."

हात धुवायला ती मोरीकडं गेली, आणि तिथूनच तिचा आवाज आला. "अगं बाई! हे पातेलं कोणाचं?"

"आपलंच," राजनंदिनी म्हणाली. "पप्पांच्या आमटीचं."

सुमेधानं ते उजेडात धरलं. तळाचा चिवट काळा डाग, जो तिच्या घासणीला आणि राखेला कधी दाद देत नव्हता, तो पार गेला होता. पातेलं दुकानातून आत्ता आणल्यासारखं लखलखत होतं. तिनं ते सासूला दाखवलं. नंदाबाईंनी त्यात आपला चेहरा पाहिला.

"हात चांगला हाये बद्रीचा," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "उगं म्या इतकी वर्षं त्याला कशातच गणलं न्हाई."

सोमवारपासून सुमेधाची ड्यूटी सुरू झाली. बद्रीनाथचीही झाली, मोरीपाशी.